तेरेखोलच्या काठचे ख्रिस्ती वीर

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, सावंतवाडी तालुक्यात, तेरेखोल नदीच्या काठी आरोंदा वसले आहे. सह्याद्रीत मनोहरगडाच्या बाजूला उगम पावलेली ही नदी वरच्या अंगाला बांद्याची नदी म्हणून ओळखली जाते. आरोंद्यापाशी तिची रुंद खाडी होते आणि पुढे ती समुद्राला मिळते. समोरच्या काठावर किरणपाणी, म्हणजे गोव्याचा पेडणे तालुका. आज दोन्ही काठ पुलाने जोडलेले आहेत. पूर्वी तरीवाचून पलीकडे जाता येत नसे. खाडीच्या मुखाशी, उत्तरेकडच्या डोंगराच्या टोकावर तेरेखोलचा किल्ला उभा आहे. नदीच्या सिंधुदुर्गाकडच्या काठावर असूनही तो गोव्यात मोडतो. कारण तो बांधला वाडीच्या सावंतांनी, आणि १७४६ साली घेतला पोर्तुगीजांनी.

किल्ल्याच्या आवारात सांत आंतोनचे म्हणजे संत अँथनीचे देऊळ आहे. ख्रिस्ती धर्माने वीर कोणाला म्हणावे, या प्रश्नाची दोन वेगळी उत्तरे या एकाच तटबंदीत दोनशे वर्षांच्या अंतराने दिली गेली. पहिले उत्तर १७४६ च्या विजेत्यांचे होते. दुसरे १५ ऑगस्ट १९५४ रोजी हातात शस्त्र न घेता आत शिरलेल्या गोमंतकीय तरुणांचे. दुसरे उत्तर ख्रिस्ती परंपरेच्या मुळाशी अधिक जवळचे आहे, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

ख्रिस्ती वीरकल्पनेचा उगम एका पराभवात आहे. येशूला रोमन सत्तेने गुन्हेगार ठरवून क्रुसावर मारले. त्याला पकडायला शिपाई आले तेव्हा पेत्राने तलवार उपसून एकाचा कान कापला, आणि येशूने त्याला तलवार म्यान करायला सांगितली, अशी शुभवर्तमानातली हकीकत आहे. त्याच रात्री त्याच पेत्राने, आपण येशूला ओळखतच नाही, असे तीनदा सांगून जीव वाचवला. पुढे रोममध्ये तोच पेत्र क्रुसावर गेला, असे परंपरा मानते. पहिल्या तीन शतकांत ख्रिस्ती लोकांनी ज्यांना मान दिला ते बहुतेक याच जातीचे होते: दगडांनी ठेचलेला स्तेफन, सिंहांपुढे टाकलेला अंत्युखियाचा बिशप इग्नेशियस, आणि कार्थेजच्या रिंगणात मारली गेलेली, अंगावर पिते मूल असलेली पर्पेतुआ. मराठी ख्रिस्ती लोक त्यांना रक्तसाक्षी म्हणतात. त्यांनी कोणाला मारले नाही. जे खरे मानले ते नाकारायलाही ते तयार झाले नाहीत.

३१३ साली रोमन साम्राज्यात ख्रिस्ती धर्माला मोकळीक मिळाली आणि रक्तसाक्षी होण्याचे प्रसंग कमी झाले. तेव्हा वाळवंटात तप करणारे, रुग्णसेवा करणारे, धन वाटून टाकणारे लोक संत म्हणून पुढे आले. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस या डोमिनिकन पंडिताने धैर्य या गुणाचा विचार करताना एक नेमका निवाडा दिला. हल्ला करणे आणि सहन करणे ही धैर्याची दोन अंगे आहेत, पण मुख्य अंग सहन करण्याचे. हल्ला करणाऱ्याला आपण वरचढ आहोत असे वाटत असते आणि धोका त्याच्या दृष्टीने पुढे असतो; सोसणाऱ्याच्या अंगावर तो येऊन ठेपलेला असतो, त्याला बराच काळ टिकून राहावे लागते, आणि समोरचा त्याच्याहून बलवान असतो. ख्रिस्ती वीराविषयी इतके स्पष्ट विवेचन फार थोड्या ठिकाणी सापडते.

अठराव्या शतकात प्रोस्पेरो लांबेर्तिनी यांनी संतपद देण्याच्या पद्धतीवर मोठा ग्रंथ लिहिला. ते पुढे बेनेडिक्ट चौदावे या नावाने पोप झाले. त्यांनी घालून दिलेल्या पद्धतीनुसार रक्तसाक्षी नसलेल्या उमेदवाराच्या आयुष्याची कसून चौकशी होते. श्रद्धा, आशा, प्रीती आणि विवेक, न्याय, धैर्य, संयम हे गुण त्याने सामान्य माणसाच्या मापापलीकडे, सातत्याने आणि आनंदाने पाळले का, हे साक्षीदारांकडून तपासले जाते. ही पायरी ओलांडणाऱ्याला आदरणीय हे पद मिळते. त्यानंतर धन्य आणि शेवटी संत. म्हणजे कॅथलिक चर्चमध्ये वीरत्व ही चौकशीने सिद्ध करायची गोष्ट आहे. गोव्यातल्या हणजुण्यात १८६९ साली जन्मलेले आणि १९२७ साली राशोलला निधन पावलेले पाद्री आग्नेल यांना १९८६ साली आदरणीय म्हणून घोषित करण्यात आले. त्यांनी कोणतीही लढाई लढली नाही. प्रवचने, पापनिवेदन ऐकणे आणि उपवास, यांतच त्यांचे आयुष्य गेले.

ही वीरकल्पना मराठीत फार लवकर आली. इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ख्रिस्तपुराण १६१६ साली राशोलला छापले गेले. त्यानंतर फ्रेंच जेझुइट एतियेन द ला क्रुआ यांनी पेत्राच्या जीवनावर मराठीत पुराण रचले. त्याचे भाग १६२९ आणि १६३४ साली निघाले. १६५५ साली आंतोनियो द साल्दाञ यांचे सांत आंतोनचे चरित्र आले. पुराण ऐकायची सवय असलेल्या श्रोत्यांपुढे या ग्रंथांनी वेगळ्याच तऱ्हेचा नायक ठेवला. त्याला राज्य नव्हते, सैन्य नव्हते, आणि कथेचा कळस त्याच्या मरणात होता. दैत्यसंहाराच्या कथांवर वाढलेल्या समाजाला हा नायक सांगण्यासाठी या परदेशी पाद्रींनी ओवी निवडली, यात त्यांची भाषेची जाण दिसते.

त्यांना पाठवणाऱ्या सत्तेची रीत मात्र निराळी होती. १५१० पासून गोव्यात पोर्तुगीज राज्य तलवारीच्या बळावर उभे होते आणि त्या राज्याने संतांनाही आपल्या फौजेत घेतले. नोव्हेंबर १६८३ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांनी जुवे बेटावरचा किल्ला घेतला आणि गोवा शहर धोक्यात आले. तेव्हा व्हाइसरॉय काउंट ऑफ आल्व्होर यांनी सांत फ्रान्सिस झेवियरच्या शवपेटीपाशी जाऊन आपला अधिकारदंड संताच्या हाती सोपवला. मोगल फौज कोकणात उतरल्यामुळे मराठ्यांना मागे फिरावे लागले. गोव्यात त्याचे श्रेय संताला मिळाले. सांत आंतोन हा तर पोर्तुगीज लष्करात पगारी अधिकारी म्हणून नोंदलेला होता. जुन्या गोव्यातल्या त्याच्या देवळातल्या मूर्तीला कप्तानाचा हुद्दा होता आणि त्याचे वेतन देवळाला मिळत असे.

तेरेखोल हे याच परंपरेतले ठाणे. व्हाइसरॉय दों पेद्रु मिगेल द आल्मेइदा यांनी १७४६ मध्ये सावंतांविरुद्ध मोहीम काढली, पेडण्यातला हळर्णचा किल्ला घेतला आणि नोव्हेंबरात तेरेखोल जिंकला. हळर्णच्या विजयावरून त्यांना आलोर्नाचे मार्क्विस ही पदवी मिळाली. पुढे पेडणे महाल हातचा गेला आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस तो कायमचा पोर्तुगीजांकडे आला. तेरेखोलचा किल्ला नदीच्या मुखावर पहारा ठेवायला उपयोगी पडत राहिला आणि किल्ल्यात सांत आंतोनची स्थापना झाली. जिंकलेल्या तटावर संत बसवणे ही विजयाची खूण होती. वाडीच्या बाजूने पाहणाऱ्याला त्यात धर्माहून अधिक तोफा दिसत असणार.

ज्या संताला असे गढीवर बसवले त्याचे खरे आयुष्य मात्र या खुणेशी मुळीच जुळत नाही. ११९५ च्या सुमारास लिस्बनला जन्मलेला फेर्नांदो हा सुखवस्तू घरातला तरुण कोइंब्राच्या मठात शिकत होता. १२२० साली मोरोक्कोत धर्मप्रसारासाठी गेलेल्या आणि तिथे मारल्या गेलेल्या पाच फ्रान्सिस्कन बंधूंचे अवशेष कोइंब्रात आणले गेले. ते पाहून तो हलला. त्याने आपला संघ सोडला, फ्रान्सिस्कन झाला, आंतोन हे नाव घेतले आणि आपणही रक्तसाक्षी व्हावे म्हणून मोरोक्कोला गेला. तिथे तो आजारी पडला. परतीच्या वाटेवर वादळाने जहाज सिसिलीला नेऊन लावले. मरण मागायला गेलेल्या माणसाच्या वाट्याला एका इटालियन मठातली साधी सेवा आली. एका दीक्षाविधीच्या वेळी बोलायला दुसरे कोणी तयार नव्हते म्हणून त्याला उभे केले, आणि तिथून त्याची प्रवचनकार म्हणून ख्याती सुरू झाली. पादुआत त्याने सावकारांच्या तावडीत सापडलेल्या कर्जदारांची बाजू घेतली. त्या शहराने मार्च १२३१ मध्ये केलेल्या कायद्याने दिवाळखोर कर्जदाराला तुरुंगातून सुटायची वाट मिळाली आणि त्यात आंतोनच्या विनंतीचा उल्लेख आहे. १३ जून १२३१ रोजी तो वारला आणि वर्षाच्या आत संत ठरला. हवा असलेला वीरमृत्यू न मिळता मिळाले ते काम मनापासून करणारा हा माणूस लष्कराचा कप्तान होण्याजोगा नव्हता. लोकांनी त्याला तसे धरलेही नाही. गोव्यात आणि वाडीच्या ख्रिस्ती घरांत तो हरवलेली वस्तू मिळवून देणारा संत आहे. शिवोलीच्या त्याच्या देवळात मूर्तीच्या हातात दोरीने बांधलेला साप दिसतो. देऊळ बांधताना त्रास देणारा साप त्याने धरला, अशी तिथली कथा आहे.

गोव्याच्या इतिहासात रक्तसाक्षी या पदवीचीच कसोटी पाहणारा एक प्रसंग आहे. २५ जुलै १५८३ रोजी साष्टीतल्या कुंकळ्ळीत रोदोल्फो आक्वाव्हिवा आणि त्यांचे चार जेझुइट सोबती मारले गेले. आक्वाव्हिवा त्याच वर्षी अकबराच्या दरबारातून परतले होते. त्याआधी पोर्तुगीजांनी त्या भागातली देवळे जाळली होती आणि गावकऱ्यांचा राग त्यातून पेटला होता. नंतर बोलणी करण्याच्या मिषाने गावकऱ्यांच्या प्रमुखांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून ठार मारण्यात आले. सोळांपैकी एकटा निसटला. १८९३ साली चर्चने पाच जेझुइटांना धन्य घोषित केले. कुंकळ्ळीत आता त्या गावकऱ्यांचेही स्मारक आहे. आक्वाव्हिवा यांनी शस्त्र न उगारता मरण पत्करले, हे खरे. पण ज्या सत्तेच्या छायेत ते तिथे पोचले तिने केलेला विश्वासघात कोणत्याही ख्रिस्ती मापाने भ्याडपणाचा होता. विश्वासघाताने मारलेल्या गावकऱ्यांचे धैर्य त्या मापात बसते.

सत्तेची छाया टाकून देऊनही हे काम करता येते, हे दाखवणारा माणूस गोव्यातलाच होता. जुझे वाझ यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी बाणावलीला झाला. त्या काळी सिलोनच्या किनारपट्टीवर डचांचे राज्य होते आणि कॅथलिक पाद्रींना तिथे बंदी होती. १६८७ साली वाझ हमालाच्या वेशात, अनवाणी, जाफन्यात उतरले. त्यांच्यामागे ना पोर्तुगीज आरमार होते ना खजिना. कँडीच्या राजाने पोर्तुगीज हेर समजून त्यांना कैदेत टाकले. १६९७ मध्ये कँडीत देवीची साथ आली आणि लोक आजाऱ्यांना रानात सोडून पळाले. वाझ आणि त्यांचे भाचे जुझे कार्व्हालो यांनी त्यांच्यासाठी झोपड्या उभारल्या, त्यांना आंघोळ घातली, अन्न भरवले, मेलेल्यांना पुरले. यात धर्माची विचारपूस केली नाही. बौद्ध राजाने त्यानंतर त्यांना मोकळेपणाने काम करू दिले. १६ जानेवारी १७११ रोजी ते कँडीत वारले आणि १४ जानेवारी २०१५ रोजी कोलंबोत पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संत घोषित केले. मराठी-कोंकणी मुलखाने दिलेला यापेक्षा मोठा ख्रिस्ती वीर दाखवणे कठीण आहे.

आरोंद्याच्या उत्तरेला वेंगुर्ल्यात हीच वृत्ती प्रोटेस्टंट वाटेने आली. अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉक्टर रॉबर्ट गोहीन विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिथे काम करत होते आणि मिशनचे सेंट ल्यूक्स रुग्णालय दक्षिण कोकणातल्या रुग्णांचा आधार होते. मुंबईची वाट बोटीची असण्याच्या त्या काळात शस्त्रक्रियेची सोय असलेले ठिकाण जवळपास असणे म्हणजे काय, हे या किनाऱ्यावरच्या जुन्या पिढीला सांगायला नको. त्यांचा मुलगा रॉबर्ट १९१९ साली वेंगुर्ल्यातच जन्मला. तो पुढे प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष आणि भारतातला अमेरिकेचा राजदूत झाला.

सावंतवाडी संस्थान १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झाले आणि आरोंद्याचा काठ स्वतंत्र भारताची सीमा बनला. पलीकडे पोर्तुगालच्या सालाझार सरकारचे राज्य होते. गोवा ही ख्रिस्ती पोर्तुगीज भूमी आहे आणि भारतात जाणे म्हणजे धर्म बुडणे, असा त्या सरकारचा प्रचार होता. प्रत्यक्षात गोव्यात हिंदूंची बहुसंख्या होती आणि मुक्तिलढ्याच्या पुढच्या फळीत ख्रिस्ती घरांतली कितीतरी माणसे होती. चांदरचे त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांनी १९२८ साली गोवा काँग्रेस कमिटी स्थापन केली. १९४६ साली त्यांना लष्करी न्यायालयाने आठ वर्षांची शिक्षा देऊन पोर्तुगालला पेनिशच्या किल्ल्यात पाठवले. राममनोहर लोहिया १९४६ साली गोव्यात आले ते असोळण्याला डॉक्टर जुलियांव मिनेझिस यांच्याकडे. नॅशनल काँग्रेस गोवाची धुरा पन्नाशीच्या दशकात पीटर आल्वारिस यांच्याकडे होती.

१५ ऑगस्ट १९५४ च्या सत्याग्रहात भारत सरकारच्या धोरणामुळे फक्त गोमंतकीयांनाच हद्द ओलांडता आली. तीन तुकड्या निघाल्या. दक्षिणेकडून पोळ्याला मार्क फर्नांडिस, बांद्याकडून टोनी डिसोझा, आणि तेरेखोलला आल्फ्रेड आफोन्सो. तिन्ही तुकड्यांचे नेते ख्रिस्ती होते. सालाझारच्या प्रचाराला याहून थेट उत्तर देता आले नसते. तीनपैकी दोन तुकड्या याच नदीच्या मुलखातून गेल्या. तेरेखोलला जायला सिंधुदुर्गाकडून पाणी ओलांडावे लागत नाही. जमिनीच्या वाटेनेच किल्ल्याशी पोचता येते. आफोन्सो आणि त्यांचे सोबती निःशस्त्र आत शिरले आणि सांत आंतोनचे देऊळ असलेल्या त्या किल्ल्यावर त्यांनी तिरंगा लावला. पुढे काय होणार ते त्यांना ठाऊक होते: पोलिसांचा मार, लष्करी न्यायालय, तुरुंग. ते सारे झाले.

हे तरुण गोव्याच्या स्वातंत्र्यासाठी गेले होते, धर्मासाठी नव्हे, आणि त्यांच्या कृतीला धार्मिक रंग देण्याचे कारण नाही. तरीही अक्वायनसने सांगितलेले धैर्याचे मुख्य अंग त्यांच्या कृतीत पूर्णपणे उतरले. आलोर्नाच्या मार्क्विसने तोच किल्ला तोफांनी घेतला होता. आफोन्सो यांच्या हातात फक्त झेंडा होता, आणि बलवान सत्तेपुढे टिकून राहण्याची तयारी.

पुढच्या वर्षी, जुलै १९५५ मध्ये पंतप्रधान नेहरू रोमला पोप पायस बारावे यांना भेटले. गोव्याचा प्रश्न धर्माचा नसून राजकीय आहे, याविषयी पोप सहमत असल्याचे त्यांनी नंतर सांगितले. सालाझारच्या हातचे मोठे हत्यार त्यामुळे बोथट झाले. त्याच वर्षीच्या १५ ऑगस्टला हजारो सत्याग्रही हद्दीवर गेले आणि पोर्तुगीजांनी गोळ्या चालवल्या. पत्रादेवीला कर्नैलसिंग पडले, तेरेखोलला हिरवे गुरुजी. दोघेही ख्रिस्ती नव्हते. निःशस्त्र माणसाने गोळीसमोर उभे राहण्याची किंमत मात्र सर्व धर्मांच्या सत्याग्रहींना सारखीच मोजावी लागली.

त्यानंतर सीमा बंद झाली आणि लढा दुसऱ्या मार्गाने चालला. २५ नोव्हेंबर १९५५ रोजी सावंतवाडी तालुक्यातल्याच आंबोलीच्या जंगलातून एक गुप्त आकाशवाणी सुरू झाली. दादरा-नगर हवेली मुक्त करताना हाती आलेल्या बिनतारी यंत्रांतून ती उभी केली होती. पोर्तुगीज आणि कोंकणी भाषांतून चालणारी ही आकाशवाणी लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई यांनी चालवली. पुढे ती कॅसलरॉकला हलली. आंबोलीच्या पावसात, घरदार आणि ओळख लपवून, रोज ठरल्या वेळी बोलत राहण्याचे हे काम सहा वर्षे चालले. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाल्याची घोषणा याच लिबिया लोबो यांनी विमानातून ध्वनिवर्धकावर केली.

चर्चची व्याख्याही त्यानंतर रुंदावली. दुसऱ्या कैद्याच्या जागी आउश्विट्झमध्ये मरण पत्करणारे माक्सिमिलियन कोल्बे यांना १९८२ साली रक्तसाक्षी म्हणून संतपद मिळाले. गरिबांची बाजू घेतल्याबद्दल १९८० साली वेदीपाशी गोळी घातलेले एल साल्वाडोरचे आर्चबिशप ऑस्कर रोमेरो २०१८ साली संत ठरले. जुलै २०१७ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी, दुसऱ्यासाठी जाणूनबुजून प्राण पणाला लावणे हा संतपदाचा स्वतंत्र मार्ग ठरवला. न्यायासाठी सोसणे आणि श्रद्धेसाठी सोसणे यांतली भिंत आता पूर्वीइतकी उंच नाही.

५ जुलै २००५ रोजी पुणे धर्मप्रांतातून सिंधुदुर्ग हा वेगळा धर्मप्रांत निर्माण झाला आणि तेरेखोलच्या उत्तर काठावरच्या ख्रिस्ती लोकांना स्वतःचा बिशप मिळाला. नदीच्या मुखाशी किल्ला आणि सांत आंतोनचे देऊळ दोन्ही उभे आहेत. तिथे जाणाऱ्याने १७४६ च्या मार्क्विसची हकीकत जरूर वाचावी, पण मुलांना आधी आल्फ्रेड आफोन्सो आणि हिरवे गुरुजींची नावे सांगावीत.